फटीतून बाहेर आलेला हात

तार तीनच शब्दांची होती. 'जमुना गेली. या.' आणि तीसुद्धा सत्यवतीच्या मागे यवतमाळ, पुसद, वाशीम अशी फिरत फिरत नवव्या दिवशी तिच्या हाती पडली. ती दौऱ्यावर होती. अमरावतीच्या बायकांच्या दवाखान्यात तिने शिकवून पाठवलेले डॉक्टर आपापल्या गावी बाळंतपणं कशी करतात, ते पाहत हिंडणं हे तिचं सरकारी काम. मधल्या मोटारी, गाड्या जुळवत भावाच्या घरी पोचेपर्यंत तेरवीचा दिवस उजाडला.

वऱ्हाडातल्या चार जिल्ह्यांच्या बाळंतिणींची काळजी वाहणारी बाई, आणि सख्ख्या भावाची लेक बाळंतपणात गेल्याचं तिलाच सगळ्यांच्या शेवटी कळावं! लोक बोलले. बोलणारच की. लोकांचं तोंड कोणी धरलंय?

तेल्हाऱ्याला मोटारीतून उतरली तर भावाची दमणी, बैलांची छोटी गाडी, उभी होती. गड्याने तिची पिशवी आत ठेवली. दोन्ही बाजूंनी कापूस फुटून शेतं पांढरी झाली होती आणि वेचायला बाया दिसत नव्हत्या, कारण गाव सगळं तिच्या भावाच्या, उत्तमरावांच्या, दारी होतं.

अंगणात पंगतीची पानं मांडणं चाललेलं. घरची लेक दारात आली म्हणून बायकांनी रीतीप्रमाणे पुन्हा एकदा गळा काढला. पण पार्वताबाई, जमुनेची आई, चुलीपाशी उभी होती ती तिथेच उभी राहिली. पदराला हात पुसत "आल्या का, बाई" एवढंच म्हणाली आणि आत निघून गेली. पंचवीस वर्षांत ही भावजय सत्यवतीच्या गळ्यात पडल्याशिवाय राहिली नव्हती. 

उत्तमराव लिंबाखाली बाजेवर बसले होते. सत्यवती चौदाव्या वर्षी पांढऱ्या कपाळाने माहेरी आली, तेव्हा याच भावाने तिला दमणीत बसवून अमरावतीच्या शाळेत नेऊन घातलं होतं. जातीतल्या पाच-पन्नास लोकांनी दोन वर्षं त्यांच्याकडे पाणी पिणं सोडलं होतं, तरी माणूस हटला नाही. पुढे नागपूरची डॉक्टरकी, मग दवाखान्याची नोकरी, आणि आता शिकवायला बसलेली डॉक्टरीणबाई. हे सगळं त्या एका दमणीत सुरू झालं, हे सत्यवती कधी विसरली नव्हती. तेच उत्तमराव आज मान वर करून तिच्याकडे पाहत नव्हते.

त्यांच्या शेजारी त्यांचे व्याही, जमुनेचे सासरे भगवंतराव. गडी रांगडा, आवाज असा की शेजारच्या गावात ऐकू जावा.

"डाक्टरीनबाई, बरं झालं तुमी आल्या. आता न्याय तुमच्या हाती."

"कसला न्याय, इवाई?"

"त्या गंगूबाई सुईनीचा! माया सुनेले मारलं तिनं. वार ओढली, रगताचा पूर आला, चार घंट्यात पोरगी खलास. तिच्या गयात तुमचाच सरकारी बिल्ला हाये ना? काढून घ्या तो. अन् एक कागद लिहा, का ही बाई बाळंतपनाच्या लायक नाई. पुढचं पोलीस पाटील पाहून घेईन."

"लिहून दे, बाई," उत्तमराव जमिनीकडे पाहत म्हणाले. त्यांच्यात बहिणीला बाईच म्हणतात. "तुया सहीले सरकारात वजन हाये."

"अन् गोवर्धन? तो होता ना इथीसा?"

गोवर्धन म्हणजे उत्तमरावांचा थोरला, जमुनेचा भाऊ. दोन वर्षांपूर्वी सत्यवतीच्याच हाताखाली सहा महिने शिकून, तिच्याच सहीचा दाखला घेऊन अकोल्यात ताजनापेठेत दवाखाना टाकून बसला होता.

"होता," उत्तमराव म्हणाले. "पन तिनं करून ठेवल्यावर तो काय करीन? तेरा दिवस झाले, बोलत नाई कोनासंग."

"मी पहिले गंगूबाईसंग बोलतो," सत्यवती म्हणाली. अमरावतीत डॉक्टरांपुढे 'बोलते, सांगते' करणारी बाई, गावात पाय ठेवला की इथल्या बायांसारखी 'बोलतो, सांगतो' करायला लागायची. तिला ते कळतही नसे.

"तिच्यासंग काय बोलाचं?" भगवंतराव उसळले. पण ती गोठ्याकडे चालू लागली होती.

गंगूबाई वैरणीच्या कुटाराच्या ढिगामागे बसली होती. पासष्टीची बाई. या घरातलं प्रत्येक पोर तिच्या हातावर आलेलं, गोवर्धन आणि जमुना दोघंही. आज मात्र तिला उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं.

"जवळ नको येऊ, माय. तुले बोल लागीन."

"लागू दे. काय झालं ते सांग."

"झालं ते माया हातानं झालं. वार पडे नाई. मी ओढली. रगत लागलं. संपलं."

पाठ केल्यासारखं एका दमात म्हणून मोकळी झाली. सत्यवतीने तिच्याकडे नीट पाहिलं. मूल झाल्यावर वार आपोआप पडायची वाट पाहायची, नाळेला हात लावायचा नाही, हे पुस्तकात होतंच. पण सत्यवतीने ते पहिल्यांदा पाहिलं होतं ते या बाईपाशी. पोटावर तळवा ठेवून गंगूबाई घंटाघंटा बसायची, बाळंतिणीला गावातल्या भानगडी सांगून हसवायची, पण नाळ ओढायची नाही.

"गंगूबाई, तू नाळ ओढत नाई. शिकाले आलेल्या पोट्ट्यायले मी तुयंच नाव सांगतो."

"म्हातारपनी हात चुकते, माय."

"मंग हाताची शपथ घे. म्हन, याच हातानं ओढली."

गंगूबाईने दोन्ही हात पदराखाली घेतले.  "हाताची नाई घेत व मी. याच हातावर पोट हाये मायं."

"मंग खरं सांग."

"मले काहून इचारतं? तुया वयनीले इचार. मी जबान देल्ली हाये."

पार्वताबाई मधल्या खोलीत होती. मांडीवर तेरा दिवसांची पोर, दुधात भिजवलेली कापसाची वात चोखत होती. जमुनेचंच नाक. सासरच्यांनी पोरीला अजून हातात घेतलं नव्हतं, कोणाकडे राहायचं तेही ठरलं नव्हतं. सत्यवतीने हात पुढे केले. पार्वताबाईने पोर दिली नाही.

"वयनी, गंगूबाईनं जबान कोनाले देल्ली?"

"मले." लपवाछपवी करायची पार्वताबाईला सवयच नव्हती. "मीच पाय धरले तिचे. म्हनलं, तुयं वय झालं गंगूबाई, तू नाव अंगावर घे. माया पोराचं आत्ता कुठी बस्तान बसून राहिलं अकोल्यात. सख्खी बहीन त्याच्या समोर मेली म्हटल्यावर कोन बाई चढीन त्याच्या पायऱ्या? एक लेकरू गेलं मायं, दुसऱ्याचं मातेरं होऊ देऊ?"

"पन त्यानं काय केलं, वयनी?"

"काई नाई केलं! तेच त सांगून राहिली. काईच नाई केलं त्यानं." आवाज फुटला तशी मांडीवरची पोर दचकली. पार्वताबाईने तिला थोपटलं आणि मग हळू, अगदी हळू बोलली. "बाई, तुमी दिवाईले पत्र धाडलं होतं, जमुनीले अमरावतीले पाठवा म्हून. मी नाई पाठवलं. काहून? घरचा डाक्टर हाये. वीस बाळंतपनं आपल्या हातानं केले असा त्याच्यापाशी कागद हाये. कांचेत लावून ठेवला हाये त्यानं. मले वाचता येत नाई, पन खालची सही कोनाची ते मले ठावं हाये. मी त्या सहीच्या भरवशावर लेक घरी ठेवली."

सत्यवती भिंतीला टेकली. 

"जा आता," पार्वताबाई म्हणाली. "त्यालेच इचारा. तुमच्यासंग बोलीन तो. तुमी गुरू ना त्याचे."

जमुनेच्या बाळंतपणाची खोली मागच्या छपरीला लागून. गोवर्धन त्या खोलीच्या बंद दाराकडे तोंड करून खाली बसला होता. दाढी वाढलेली, धोतर मळलेलं. सत्यवती शेजारी बसली तरी त्याने वळून पाहिलं नाही.

"मी इथंच होतो, आत्या," तो आपण होऊन बोलायला लागला. "आत्ता बसलो ना, इथंच. दुपारचे बारा वाजले होते. पोरगी चांगली झाली, रडली. गंगूबाईनं आतून सांगितलं, वार पडून नाई राहिली. मी म्हटलं थांब. अर्धा घंटा. मग म्हणे, रगत जाते. मी म्हटलं पोट चोळ. तिनं चोळलं. रगत थांबेना."

"मग तू आत गेलास?"

"जमुनी आतून ओरडली, 'भाऊ, तू आत नको येऊ.' आत्या, लाजून ओरडली ती. मरून राहिली होती आणि मला लाजली."

"आणि तू ऐकलंस."

"मी दार थोडं उघडलं, तिची बाज दाराशीच होती. म्हटलं, हात बाहेर दे. तिनं फटीतून हात बाहेर काढला. मी नाडी धरली. इंजेक्शन दिलं, तेही त्याच हाताला. मी नाडी मोजत होतो, आत्या. एकशे वीस. एकशे चाळीस. गंगूबाई म्हणाली, 'भाऊ, पोरीच्या तोंडावर पदर टाकतो, तिले दिसनार नाई कोन आलं ते. तू ये अन् हात घालून वार सोडव. माया हात तथवर पोचून नाई राहिला.' मला माहीत होतं काय करायचं. पाठ होतं सगळं. तुम्ही सांगितलेला एक एक शब्द पाठ होता. पण हाताला माहीत नव्हतं. मी कधी केलंच नव्हतं ते. मी उठलो, दाराला हात लावला, आणि परत खाली बसलो. परत नाडी धरली." त्याने आपला उजवा हात पुढे केला, मूठ अर्धी मिटलेली. "मग बांगड्या थंड लागायला लागल्या."

सत्यवतीला त्या मिटलेल्या मुठीकडे पाहवेना. कारण ती फट तिची होती.

चार वर्षांपूर्वी सरकारने ठरवलं की चारही जिल्ह्यांतल्या डॉक्टरांना सहा-सहा महिने अमरावतीला ठेवून बाळंतपणात तयार करायचं. वीस बाळंतपणं स्वतःच्या हाताने केल्याशिवाय दाखला नाही. कामाची सूत्रं सत्यवतीकडे. पण डॉक्टर सगळे पुरुष, आणि वॉर्डात एक पुरुष शिरला की बाया उठून घरी जायच्या. दर्यापूरकडची एक तर कळा चालू असताना खाली उतरली आणि बैलगाड्यांच्या अड्ड्यावर मातीत बाळंत झाली. त्या दिवशी सत्यवती घरी जाऊन रडली, आणि दुसऱ्या दिवशी तिने पडदा शिवायला घेतला. जाड, निळ्या काठाचा. मध्ये टीचभर फट ठेवली. बाई आत, नर्स आत, डॉक्टर बाहेर. नाडी पाहायची तर बाईने फटीतून हात बाहेर द्यायचा. आत काय चाललंय ते नर्स सांगणार, डॉक्टरने पुढचं सांगायचं, नर्सने करायचं. बाया राहिल्या. डॉक्टर शिकले, म्हणजे शिकले असं सगळ्यांना वाटलं. नागपूरच्या साहेबाला आकडा हवा होता, तो आकडा गेला. साहेबाने शाबासकीही दिली.

त्या वर्षीच्या सुट्टीत जमुना आत्याकडे अमरावतीला आली होती. तेरा वर्षांची. फटीच्या कडा उसवू नयेत म्हणून तिला बसवून सत्यवतीने त्या शिवून घेतल्या. पोरीचे टाके वाकडेतिकडे, पण घट्ट.

"गोवर्धन, तुझ्या वीसमध्ये पडद्याच्या आतली किती होती?"

"सहा. ज्यांचं कोणी नव्हतं अशा बायांची. चौदा बाहेरून." तो पहिल्यांदा तिच्याकडे वळला. "वार हातानं सोडवलेली एकही नाही. तुम्हाला माहीत होतं, आत्या."

"माहीत होतं."

"मग सही का केली?"

खरं उत्तर असं होतं की सगळ्यांच्याच वह्यांवर ती अशीच सही करत होती. आणि त्याहून खरं उत्तर असं होतं की त्याची वही समोर आली तेव्हा तिला दमणी आठवली होती. भावाचं पोर, त्याला कसं अडवायचं? यातलं एकही तिने उच्चारलं नाही. तिने त्याची ती अर्धी मिटलेली मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली आणि ती रडली. मोठ्याने, गावातल्या बायका रडतात तशी, गळा काढून. दोन बायका चुलीपासून पाहायला आल्या आणि तशाच मागे फिरल्या.

जेवणं उरकली. भगवंतरावांनी कागद, दौत, टाक आणून ठेवला. पोलीस पाटील, गावातली चार माणसं, सगळे लिंबाखाली. दारात पार्वताबाई पोरीला घेऊन उभी. सत्यवती बाजेवर बसली, कागद गुडघ्यावर घेतला आणि थांबून थांबून लिहिलं. मग म्हणाली, "वाचून दाखवतो, म्हंजे मागून कोनी काई म्हनाले नको."

तिने वाचलं. जमुनेच्या मृत्यूला गंगूबाई सुईण जबाबदार नाही. वार पोटात राहून रक्तस्राव झाला. ती हाताने सोडवणं हे तिथे हजर असलेल्या डॉक्टरचं काम होतं. त्यांना ते येत नव्हतं, कारण ते त्यांना शिकवलं गेलं नव्हतं. शिकवणारी मी. वीस बाळंतपणांचा त्यांचा दाखला खोटा आहे. तो मी दिला आहे आणि आज परत घेत आहे.



"बाई," उत्तमराव उभे राहिले.  "लेक गेली माई. आता पोराले बी मारतं का?"

"दादा..."

"सारा गाव माया वैरी झाला तवा मी तुले त्या दमनीत बसवलं. याच्यासाठी बसवलं होतं? मायाच घरावर कागद लिहाले?"

"तुया घरावर नाई दादा, माया नावावर लिहिला. खाली नाव मायं हाये."

"एकच हाये ते!" ते ओरडले. "तुयं नाव अन् मायं घर एकच होतं बाई आतापावतर!" आणि एवढा मोठा माणूस सगळ्यांदेखत धोतराच्या सोग्यात तोंड घालून हुंदके द्यायला लागला.

आता भगवंतराव गोवर्धनाच्या अंगावर धावतील असं सगळ्यांना वाटलं. पाटील सरसावूनही बसला. पण भगवंतराव जागचे हलले नाहीत. त्यांचा मघाचा आवाज कुठे गेला कोण जाणे.

"डाक्टरीनबाई," ते म्हणाले, "माया लहान्या सुनेले सातवा महिना चालू हाये. आमच्या इकडं मूर्तिजापूरले तुमचाच एक डाक्टर हाये. खुशालराव. कागद हाये त्याच्यापासी बी. त्यानं किती आतून केले अन् किती बाहेरून?"

सत्यवतीने आठवून पाहिलं. खुशालराव, उंच, चष्मेवाला, वही स्वच्छ ठेवायचा. आणखी काही आठवेना.

"आठवत नाई, इवाई."

"मंग वहीत पाहून सांगा."

"वहीत नाई मिळनार. आतलं अन् बाहेरचं, मी वेगळं लिहून ठेवलं नाई. साऱ्यायले एकच खूण केली."

"असे डाक्टर किती हायेत तुमचे?"

"गोवर्धन सोडून एक्केचाळीस."

 भगवंतराव उठले, दारात गेले आणि पार्वताबाईपुढे हात केले. तिने पोर दिली. त्यांनी नातीला पहिल्यांदाच उचललं, तिचं तोंड पाहिलं आणि तशीच परत दिली. "राहू द्या तुमच्यापाशी, इनबाई," म्हणाले. "आईच्या दुधाचं नाई, तर आजीच्या मायेचं त मिळू द्या." आणि पागोटं डोक्यावर ठेवून निघाले. जाताना गोठ्यामागे थांबून त्यांनी गंगूबाईला दोन्ही हात जोडले. एवढ्या मोठ्या माणसाने हात जोडल्यावर ती म्हातारी इतकी घाबरली की उठून पळालीच.

सत्यवती तिसऱ्या प्रहरी निघाली. गोवर्धन न बोलता दमणीत येऊन बसला. ते त्याने कोणाला विचारलं नव्हतं आणि त्याला कोणी अडवलंही नाही. दर वेळी निघताना पार्वताबाई तिच्या पिशवीत शेंगांचं किंवा तिळाचं काहीतरी गाठोडं कोंबायची आणि "येजा, बाई" म्हणायची. विधवेला कुंकू लावता येत नाही म्हणून तिने शोधून काढलेली ती पाठवणी होती. आज ती दारापर्यंत आली. हात रिकामे नव्हते, पण त्यात पोर होती. "येजा" म्हणाली नाही. दमणी वळली तरी सत्यवती मागे पाहत होती.

अमरावतीला आल्यावर पहिल्या दिवशी तिने एक्केचाळीस कार्डं लिहिली. दाखला परत पाठवावा, सवडीने नव्हे तर याच महिन्यात दवाखान्यात हजर व्हावं, पहिल्यापासून शिकावं लागेल. सिव्हिल सर्जन साहेबांना वेगळं पत्र. साहेब भडकले. चार वर्षांचे आकडे नागपूरला गेलेत, आता काय तोंड दाखवायचं? ती म्हणाली, माझं दाखवा. नोकरी राहील की जाईल ते साहेबांनी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही.

मग तिने पडदा काढला. फटीच्या कडेचे वाकडे टाके चार वर्षांत एकही सुटले नव्हते. त्यावरून तिने अंगठा फिरवला आणि पडद्याची घडी करून स्वतःच्या ट्रंकेत ठेवली. वॉर्डात सात बाया होत्या. संध्याकाळपर्यंत पाच निघून गेल्या. नर्स आशाबाई म्हणाली, "बाई, पुन्हा तेच होईल. बाया रस्त्यात बाळंत होतील."  ती भीती खोटी नव्हती, आधीही नव्हती. म्हणूनच तर इतकं चुकलं.

राहिलेल्या दोघींपैकी एक लीलाबाई. भातकुलीकडच्या माळ्याची सून, वांगी-टमाटी विकायला बाजारात येते ती. दुसरं बाळंतपण. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला कळा लागल्या. गोवर्धन हात धुऊन दाराशी येऊन थांबला. त्याला पाहताच लीलाबाईने गुडघे मिटले आणि उठून बसायला लागली.

"मी नाई व माय! हा कोन पुरुष?"

सत्यवती तिच्या उशाशी गेली. तिचाच पदर उचलला आणि तिच्या कपाळावरून, डोळ्यांवरून ओढून हनुवटीपर्यंत आणला.

"आता तुले कोनी दिसते?"

"नाई."

"मंग तुलेही कोनी पाहून नाई राहिलं. मी हाये इथं. हात धर माया."

लीलाबाईने सत्यवतीचा हात धरला, करकचून. लाज राखायला एवढंच कापड लागत होतं. वीतभर. गंगूबाईला ते ठाऊक होतं, आणि सत्यवतीने, शिकवणारी असून, आख्खी खोली झाकली होती.

"ये, गोवर्धन."

तो आला.  सत्यवतीने एका हाताने बाईला धरलं आणि तोंडाने त्याला एक एक सांगत राहिली. पोटावर ठेव. आता लागतं का काही? घाई नको. ओढायचं नाही. मूल आलं. मग वार पडायची वाट पाहत तो पोटावर तळवा ठेवून बसला, वीस मिनिटं, घामाने भिजून. वार पडली. त्याने ती उलटीपालटी करून पाहिली, पुन्हा पाहिली, तिसऱ्यांदा पाहिली. पुरी होती.

लीलाबाईने स्वतःच तोंडावरचा पदर बाजूला केला. दमलेली, घामेजलेली, केस चिकटलेले. आता तिला लाजायला वेळ नव्हता. तिने सरळ गोवर्धनाकडे पाहिलं.

"भाऊ," ती म्हणाली, "काय झालं, पोरगं का पोरगी?"

 गोवर्धनाने पोरीला कापडात गुंडाळून तिच्या कुशीत ठेवलं, "पोरगी आहे, बाई" म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे गदगदत होते. लीलाबाई बिचारी घाबरली. तिला वाटलं, पोरगी झाली म्हणून डॉक्टरला वाईट वाटलं. "राहू द्या ना, भाऊ," ती म्हणाली, "मले चालते पोरगी."

सत्यवतीने नवी वही ओढली. पहिल्या पानावर तिने सकाळीच एक जास्तीचा रकाना आखून ठेवला होता. गोवर्धनाच्या नावासमोर त्या रकान्यात तिने 'आत' असं लिहिलं आणि पुढे आकडा घातला, एक.